डोंगर बोडका झाला, आता युरिया डबल करू का?

प्रश्न (मुरबाड): खाचराच्या वरच्या टेपावरचे ऐन-साग तीन वर्षांपूर्वी तोडले. तेव्हापासून पावसात मुरूम-गोटे खाचरात येतात, भात पिवळं पडतं, विहीर फेब्रुवारीतच तळाला जाते. दुकानदार म्हणतो युरिया डबल करा आणि एक टॉनिक मारा.

उत्तर: दादा, युरिया डबल करू नका. मुरबाड-शहापूरला ही केस दर खरीपात बघतो. वर पाचोळा होता तोवर पाणी मुरत मुरत उतरायचं, आता थेंब उघड्या मातीवर आपटतो नि वरची कसदार माती घेऊन पळतो, आणि जे मुरलंच नाही ते विहिरीत येणार कुठून? पिवळेपणा माती गेल्याचा आहे, तो गोणीने भरत नाही. बांधावरून पाणी वाहत असताना फेकलेला युरिया काळू नदीत जातो, आणि जो राहतो त्याने भात नुसतं माजतं, मग करपा, तुडतुडे, शेवटी पीक लोळतं. तेव्हा तोच दुकानदार औषधाची बाटली पुढे करतो. डबल नाही म्हणजे नाही.

खत द्यायचं तर युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे दोन्ही खतं दाबून केलेल्या गोळ्या. दोरीवर लावणी करा, दोन्ही बाजूंनी एकाआड एक 25 आणि 15 सेंमी अंतर ठेवून; 15 सेंमीच्या चौकोनातल्या चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध 2.7 ग्रॅमची एक गोळी, लावणीच्याच दिवशी, 7 ते 10 सेंमी खोल चिखलात. गुंठ्याला 625 गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत. वरून परत युरिया मारायचा नाही, शेजाऱ्याने मारला तरी नाही.

बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावाच, मी सगळ्यांना हेच सांगतो आणि लोक कंटाळतात. पहिल्या पावसात रोपं लावा, पुढे त्याचा पाला लावणीआधी आठवडाभर खाचरात गाडा. बांधही धरून ठेवतं.

टेपावर बुंधे जेसीबीने उपटू नका, ऐन-साग धुमाऱ्यातून परत उठतात, फक्त वणवा आणि शेळ्या आवरा. समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले) मेअखेर संपवा, जुलैत उतार उकरलात तर उरलेली मातीही खाली येईल. राबासाठी, म्हणजे रोपवाटिकेची जमीन भाजायला, ऐनाच्या फांद्या तोडणंही बंद, रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळा.

चर, झाडं रोजगार हमीतून बसतात का ते सातबारा घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा. टॉनिक घेतलंच असेल तर सील फोडू नका, बिल दाखवून परत करा.