मे महिन्यात मस्कतला जातोय, सासूबाई नऊवारी नेसतात. बुरखा घ्यावा लागेल का?

बुरखा लागत नाही आणि मशीद सोडली तर डोकं झाकायची सक्तीही नाही. हे आधीच सांगते, म्हणजे सासूबाईंचा जीव भांड्यात पडेल. तुम्ही लिहिलंय की नाशिकहून तुम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघं मेच्या सुट्टीत मस्कतला दिरांकडे आठवडाभर जाणार आहात, आणि 'मुस्लिम देश आहे, बायकांना अंगभर काळं घालावं लागतं' असं सांगून कुणीतरी तुम्हाला घाबरवलंय. मी मस्कतमध्ये बरीच वर्षं संसार केला. आई-बाबा, सासू-सासरे, आत्या, मावश्या सगळे तिथे येऊन राहून गेले. त्यावरून सांगते, कपड्यांची काळजी तुम्ही करताय त्याच्या निम्मीच करा आणि उन्हाची दुप्पट करा.

सगळ्या मुस्लिम देशांना मिळून एकच नियम नसतो. इराणमध्ये बायकांनी डोकं झाकणं १९८३ पासून कायद्याने सक्तीचं आहे, अगदी परदेशी पाहुणीलाही. सौदी अरेबियाने २०१९ मध्ये पर्यटकांसाठी व्हिसा सुरू केला, तेव्हा परदेशी बायकांना अबाया, म्हणजे अंगभर सैल झगा, घालायची अट ठेवली नाही. मस्कत ज्या ओमान देशात आहे, त्याची रीत आणखी वेगळी. तिथे इस्लाममधल्या इबादी पंथाचे लोक मोठ्या संख्येने आहेत, माणसं शांत आणि कमालीची अगत्यशील. मस्कतच्या रुवी, दारसेत या भागांत साडी, पंजाबी ड्रेस, टिकली, मंगळसूत्र हे रोजचंच दृश्य आहे. जुन्या मस्कतमध्ये मोतीश्वराचं शंकराचं देऊळ आहे, दारसेतला कृष्णमंदिर आहे. सासूबाईंना दोन्हीकडे जरूर न्या.

आता हवामान. मे आणि जून हे मस्कतचे सगळ्यात तापलेले महिने. दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि पुष्कळदा त्याच्याही पुढे जातो. नाशिकचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला वाटतं, यात काय नवीन? नवीन आहे ती रात्र. आपल्याकडे रात्री गच्चीवर वारा सुटतो. मस्कतच्या एका बाजूला समुद्र आणि पाठीशी हजर पर्वताचे काळे, उघडे खडक. दिवसभर तापलेले खडक रात्री उष्णता सोडत राहतात आणि समुद्रावरचा दमटपणा घाम वाळू देत नाही. मस्कतच्या दक्षिणेला किनाऱ्यावर कुरियात नावाचं गाव आहे. तिथे जून २०१८ मध्ये एका दिवसाचं सगळ्यात कमी तापमान ४२.६ अंश होतं. म्हणजे पहाटेसुद्धा पारा त्याखाली उतरला नाही. कधी वाळवंटाकडून कोरडा पश्चिमेचा वारा येतो, तेव्हा दमटपणा जातो पण अंग भाजून निघतं. म्हणून जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला सरकारची बंदी असते. मेमध्ये हा नियम लागू नसला तरी तुम्ही तो स्वतःला लावून घ्या. फिरायचं ते सकाळी सात ते दहा आणि पुन्हा सूर्य मावळल्यावर. मस्कतच्या मत्राह भागातला जुना बाजारही दुपारी बंद असतो आणि संध्याकाळी खुलतो, त्यामुळे काही चुकणार नाही.

आणि इथेच कपड्यांचा प्रश्न आपोआप सुटतो. या उन्हात बिनबाह्यांचा टॉप किंवा आखूड चड्डी घालून फिरलात तर कातडी भाजते. ओमानी पुरुष टाचेपर्यंतचा सैल, बहुतेक वेळा पांढरा दिशदाशा घालतात, डोक्यावर भरतकामाची कुम्मा टोपी घालतात किंवा मस्सर नावाचा फेटा बांधतात. त्यात रिवाज आहे आणि उन्हाचं शहाणपणही आहे. अंगाला न चिकटणारं, हातपाय झाकणारं सुती कापड, मलमल, खादी, हेच तिथे सगळ्यात सुखाचं. तुमच्या कपाटातले लांब सुती कुडते आणि सलवारी घेतल्यात की झालं. वेगळी खरेदी करू नका. एक सुती ओढणी मात्र कायम खांद्यावर असू द्या. उन्हात डोक्यावर घ्यायला, देवळात पदर म्हणून आणि मॉलमध्ये अंगावर लपेटून घ्यायला ती लागते. हो, मॉलमध्ये! बाहेर बेचाळीस अंश असताना आत एसी इतका असतो की वयस्कर माणसं कुडकुडतात. सासूबाईंसाठी पातळ शाल किंवा स्वेटर हातातल्या पिशवीतच ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

सासूबाईंच्या नऊवारीबद्दल विचारलंत. खुशाल नेसू द्या. डोक्यावरून पदर घेतलेली वयस्कर बाई दिसली की ओमानी लोक किती आदराने वागतात ते मी माझ्या आत्याबरोबर फिरताना पाहिलंय. रांगेत पुढे सोडतात, बसायला खुर्ची आणून देतात. नऊवारीची अडचण येते ती फक्त एका ठिकाणी, सुलतान काबूस ग्रँड मशिदीत, कारण तिथे पोटऱ्या दिसून चालत नाहीत.

त्या मशिदीविषयी नीट सांगते, कारण खरे काटेकोर नियम तिथेच आहेत आणि ती न पाहता परत येऊ नये असं मला मनापासून वाटतं. २००१ मध्ये ती खुली झाली. मुख्य प्रार्थनागृहातला गालिचा सुमारे ७० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद आहे. इराणमधल्या सहाशे बायकांनी तो चार वर्षं विणला. वर चौदा मीटर उंचीचं झुंबर. मुस्लिमेतर पाहुण्यांना शुक्रवार सोडून इतर दिवशी सकाळी आठ ते अकरा एवढ्याच वेळात प्रवेश असतो. बायकांचे केस पूर्ण झाकलेले हवेत, बाह्या मनगटापर्यंत आणि खालचं वस्त्र घोट्यापर्यंत हवं. शिफॉनची पारदर्शक ओढणी चालत नाही, अंगाला घट्ट बसणारी लेगिंगही नाही. पाचवारी साडीतही पोट आणि दंड उघडे राहतात, म्हणून साडी असेल तर वरून अबाया घ्यावा लागतो. तो तिथेच भाड्याने मिळतो. सासूबाईंनी नऊवारीवरून तो चढवला की काम झालं. मात्र तो घालून पायऱ्या चढताना त्यांचा हात धरा, कारण काठ पायात येतो. मुलगी बारा वर्षांची आहे, तिलाही स्कार्फ लागेल. दहा वर्षांखालच्या मुलांना मुख्य प्रार्थनागृहात सोडत नाहीत, तिची ती अडचण नाही. यजमानांनी पूर्ण लांबीची पँट घालावी. आठ वाजताच पोहोचा. साडेनवानंतर संगमरवरी अंगणात डोळे दिपतात.

यजमानांचं तुम्ही काहीच विचारलं नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते. आपल्याकडे सुट्टीवर गेलं की पुरुष बर्म्युडा चढवतात. समुद्रावर किंवा हॉटेलात ठीक, पण मत्राहच्या बाजारात, निझवाच्या किल्ल्यात किंवा खेड्यातून जाताना नको. तिथला बाप्या माणूस घराबाहेर गुडघे उघडे टाकून हिंडत नाही. दिरांच्या बिल्डिंगमध्ये गॅलरीत बनियनवर उभं राहणंही टाळावं, समोर शेजाऱ्यांचं कुटुंब राहत असतं. समोरच्याला अवघडल्यासारखं होतं आणि तो बोलूनही दाखवत नाही. मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. ओळख करून देताना एखाद्या ओमानी बाईने स्वतःहून हात पुढे केला तरच यजमानांनी हात मिळवावा, नाहीतर छातीवर हात ठेवून किंचित मान लववावी. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

मुलीसाठी बाह्यांचे टीशर्ट आणि गुडघ्याखाली जाणाऱ्या पँट पुरेत. तिला पोहायची हौस असेल तर हॉटेलच्या तलावात नेहमीचा पोहण्याचा पोशाख चालतो. वादी म्हणजे डोंगरातली पाण्याची दरी; वादी शाब किंवा वादी बनी खालिदला मात्र गावातले लोक सहकुटुंब येतात. तिथे पाण्यातसुद्धा टीशर्ट आणि लांब चड्डी घालून उतरायचं. सुती कपडा पाण्यात जड होतो, म्हणून लवकर वाळणारं कापड न्या. पावसाची जराही शक्यता असली तर वादीत जाऊच नका. डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा काही मिनिटांत खाली येतो.

गारव्यासाठी एक दिवस जबल अख्दर या डोंगरावर काढा. तिथलं सैकचं पठार सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे आणि मस्कतपेक्षा तिथे दहा अंशांहून अधिक फरक पडतो. खाली बिरकत अल मौझला पोलिसांची चौकी आहे, फोर व्हील ड्राइव्ह गाडी असल्याशिवाय वर सोडत नाहीत. दिरांची गाडी साधी असेल तर आधीच भाड्याची ठरवून ठेवा.

ओमानच्या दक्षिणेकडच्या सलालाचा हिरवागार पाऊस पाहायचा म्हणाल तर तो मेमध्ये नसतो. आपल्या कोकणात कोसळणारे नैऋत्य मोसमी वारेच सलालाभोवतीच्या धोफारच्या डोंगरांना धुक्याने आणि भुरभुर पावसाने भिजवतात, पण त्याला तिथे खरीफ म्हणतात आणि त्याचा काळ २१ जून ते २१ सप्टेंबर धरतात. तोवर आपल्या शाळा सुरू झालेल्या असतात. तिकिटं अजून काढली नसतील आणि दिरांनाही जमत असेल तर दिवाळीच्या सुट्टीत जा असंच मी म्हणेन. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मस्कतमध्ये दिवसभर सासूबाईंना घेऊन हिंडता येतं.

मेच पक्का असेल तर तारखा बघून घ्या. २०२६ मध्ये रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, त्यामुळे दिवसा उघड्यावर पाणी न पिण्याचा नियम तुम्हाला लागू होणार नाही. पण बकरी ईद मेच्या शेवटच्या आठवड्यात आहे, चंद्रदर्शनाप्रमाणे एखादा दिवस मागेपुढे. त्या दिवसांत पाहण्याची ठिकाणं आणि कचेऱ्या बंद असतात आणि डोंगरावरची हॉटेलं ओमानी कुटुंबांनी आधीच भरलेली असतात. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जमवता आलं तर ऊनही थोडं कमी लागेल.