वाचक विचारतात : बाजाराचा रस्ता आणि कडेची बाग

प्रश्न : आमच्या रस्त्यावर तीसेक दुकाने आहेत आणि टोकाला एक बाग. दोन्हींची रया गेली आहे. काही दुकानदार वर्गणी द्यायला तयार आहेत, बाकीचे नुसते बघत बसतात. सुरुवात कशी करावी?

वर्गणीच्या आधी मोजणी करा. एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस निवडा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि अंधार पडल्यावर पंधरा-पंधरा मिनिटे एका जागी उभे राहून नोंद करा : किती माणसे गेली, किती थांबली, किती बसली. बायका, मुले आणि म्हातारी माणसे वेगळी मोजा. अंधार पडल्यावर हे आकडे एकदम गळत असतील, तर पहिले काम दिवाबत्तीचे आणि आडोसे काढण्याचे. बंद दिवे, उचकटलेल्या फरशा, झाकण नसलेली गटारे, कुलूपबंद गाळे हे सगळे एका मोठ्या नकाशावर मांडा आणि दोन याद्या करा : आपल्याला करता येण्यासारखे आणि परवानगी लागणारे. पहिल्या यादीतले एखादे काम दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांना दिसेल असे उरका. बघत बसलेल्यांपैकी काही त्यानंतर येतात.

सगळे मात्र येणार नाहीत. रस्ता सुधारला की न देणाऱ्यालाही फायदा होतो, ही ऐच्छिक वर्गणीची जुनी दुखरी नस आहे. कॅनडातल्या टोरंटो शहराच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या भागात यावर तोडगा निघाला. भुयारी रेल्वे आणि मोठी मॉल यांनी गिऱ्हाईक ओढून नेल्यावर तिथल्या व्यापाऱ्यांनी 1970 मध्ये ठरलेल्या हद्दीतल्या सर्व व्यावसायिकांवर लहानसा अधिभार बसवून घेतला. तो शहर प्रशासन करासोबत गोळा करते आणि खर्च कुठे करायचा हे स्थानिक मंडळ ठरवते. तुमच्याकडे कायद्यात अशी सोय नसेल, तर ‘सुधारणा निधी’ अशा मोघम नावाने पैसे मागू नका. एका कामासाठी मागा, काम संपल्यावर हिशेब रस्त्यावरच लावा, मग पुढच्या कामाचे बोला.

प्रश्न : बागेत संध्याकाळी कोणी फिरकत नाही, टवाळखोर मात्र असतात. कुंपण उंच करावे, असे बऱ्याच जणांचे मत आहे.

आमचे मत उलट आहे. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचे उदाहरण बघा. रस्त्यापेक्षा उंचावर, झुडपांच्या भिंतीआड असलेली ही बाग 1970 च्या दशकात अमली पदार्थ विकणाऱ्यांचा अड्डा झाली होती. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने निदान केले, की आत काय चालले आहे हे बाहेरून दिसत नाही, हाच रोग आहे. 1992 मध्ये बाग पुन्हा उघडली तेव्हा झुडपे काढली होती, प्रवेशाच्या वाटा रुंद केल्या होत्या आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या ठेवल्या होत्या.

तुम्ही झुडपे 75 सेंमीच्या आत छाटा आणि झाडांच्या फांद्या दोन मीटरच्या वर ठेवा, म्हणजे मधल्या पट्ट्यातून नजर आरपार जाते. येण्याजाण्याच्या वाटा किमान दोन हव्यात. एकच फाटक असले की आत कोंडले जाण्याची भीती वाटते. दिव्यांत नेहमीची चूक म्हणजे एकच प्रखर दिवा उंच खांबावर लावणे. त्याने डोळे दिपतात आणि झाडाखालचा काळोख आणखी गडद होतो. पायवाटेला साडेतीन-चार मीटर उंचीचे, 2700 ते 3000 केल्विनचे पिवळसर दिवे बरे. खांब पानांच्या पसाऱ्याबाहेर घ्या.

बाकडी लगेच सिमेंटमध्ये गाडू नका. महिनाभर साध्या खुर्च्या ठेवा. लोक त्या जिथे ओढत नेतात ती बाकड्यांची जागा. बहुधा ती सावलीत असते, पाठीशी आधार आणि समोर वर्दळ. बैठक 45 सेंमीच्या आसपास, पाठ आणि हात असलेली घ्या. हात नसले तर गुडघे दुखणाऱ्यांना उठता येत नाही.

प्रश्न : दुकानांपुढच्या दोन गाड्यांची जागा काढून तिथे बसायची सोय करायची आहे. दुकानदार म्हणतात, गिऱ्हाईक तुटेल.

भीती खरी आहे, पण अंदाज बहुधा चुकीचा असतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 2006 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दुकानदारांना वाटत होते, की 41 टक्के गिऱ्हाईक गाडीने येते. प्रत्यक्षात ते 22 टक्के निघाले. तुमचा आकडा तुम्हीच काढा. आठवडाभर गल्ल्यावर प्रत्येकाला एवढेच विचारा, ‘कसे आलात?’ मग परवानगी घेऊन काही आठवडे प्रयोग करा. आधीच्या आणि प्रयोगाच्या काळातल्या बिलांची संख्या ताडून पाहा. रक्कम कोणी सांगत नाही, संख्या सांगतात.

रहदारीच्या बाजूला रिकाम्या कुंड्या चालत नाहीत, मातीने भरलेल्या जड हव्यात आणि त्यांवर रात्री चमकणारी पट्टी. फळ्यांचा ओटा करणार असाल तर फुटपाथच्या कडेची पाणी वाहण्याची वाट मोकळी सोडा आणि तिथली फळी उचलता येईल अशी ठेवा. नाहीतर खाली कचरा अडतो, पाणी तुंबते आणि पहिल्या पावसात सगळा उपक्रम बदनाम होतो.

प्रश्न : फुटपाथवर लावलेली रोपे पाणी घालूनही वाळतात.

बहुतेक वेळा रोप खोल गाडलेले असते. खोड जिथे रुंदावून मुळांत शिरते तो फुगीर भाग जमिनीवर दिसलाच पाहिजे. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. तळाला भुसभुशीत माती ठेवली तर रोप पुढे खचते. पिशवीत गोल फिरलेली मुळे दोन-तीन ठिकाणी कापून मोकळी करा. पालापाचोळ्याचे आच्छादन पाच ते आठ सेंमी, खोडापासून वीतभर लांब. खोडाला चिकटलेला ढीग साल कुजवतो. आधाराची काठी वर्षभरात काढा, दोरी सालीत रुतते.

आणखी एक संशयित : लादी पुसलेले साबणाचे पाणी. ते रोज आळ्यात ओतले जात असेल तर खत घालून काही उपयोग नाही. प्रत्येक झाड समोरच्या दुकानाच्या नावावर लिहा आणि दुकान बंद असेल त्या दिवशी पाणी कोण घालणार हेही त्याच कागदावर ठरवा. अशी काळजी निदान दोन वर्षे घ्यावी लागते.

प्रश्न : शटरवर चित्रे काढावीत का?

काढा, पण चित्र दुकान बंद असतानाच दिसते, हे ध्यानात ठेवून बंद गाळ्यांपासून सुरुवात करा. गंज खरवडा, तेलकटपणा पुसा, गंजरोधक प्रायमर लावा आणि रंगाचे पातळ हात द्या. जाड रंग पट्ट्यांच्या सांध्यांत भरतो, शटर अडकते आणि गुंडाळताना घासून पापुद्रे निघतात.