मायनर लीगमध्ये पहिली नोकरी? आधी तिकिटं विक

मायनर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीगच्या खालच्या पातळीवरच्या स्पर्धांत, खेळाडू आणि प्रशिक्षकांचा पगार वरचा मेजर लीग संघ देतो. ऑफिसात काम करणाऱ्या तुझा पगार मात्र मायनर लीग संघाचा मालक देणार, म्हणजे तिकीट, जाहिरात आणि हॉटडॉगच्या गल्ल्यातून. म्हणून सुरुवातीला खेळाडू निवडण्याची स्वप्नं बाजूला ठेव आणि तिकीटविक्रीत शिर. तिथेच जागा जास्त निघतात. शाळा, चर्च, कंपन्यांना फोन करून एकगठ्ठा तिकिटं विकता आली की तुला कुठलाही संघ घेईल. मला पहिले दोन महिने फोन उचलायचीच भीती वाटायची!

2021 पासून मेजर लीगशी संलग्न संघ 120च उरलेत, त्यामुळे शहराचे नखरे करू नकोस. ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मायनर लीगच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, घरचे सामने साधारण 75. त्या दिवशी सकाळी ऑफिस, रात्री मैदान, आणि पाऊस आला की सगळ्यांनी धावत जाऊन ताडपत्री ओढायची. ऑफिसचा मॅनेजरसुद्धा ओढतो.

पगार तुटपुंजा. 2022 पासून बहुतेक खेळाडूंच्या राहण्याची सोय मेजर लीग संघ करतात, ऑफिसवाल्यांची नाही. मुलाखतीतच कमिशन किती आणि सप्टेंबरमध्ये हंगाम संपल्यावर नोकरी राहते का, हे विचार. लाजू नकोस.