बाह्य ग्रहांच्या उपग्रहांवर वस्ती : पाण्याआधी किरणोत्सर्गाचा विचार करावा

ताई, आपल्या नववीच्या मुलींनी तयार केलेला ‘गुरू-शनीच्या उपग्रहांवर मानवी वस्ती’ या प्रकल्पाचा आराखडा ‘जेथे पाणी आहे तोच उपग्रह निवडावा’ असा शेरा मारून परत पाठवण्यात आला, हे आपण लिहिलेले वाचले आणि आमची फाइल डोळ्यांसमोर उभी राहिली. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या आमच्या शाळेत मुलांनी गुरूचा कॅलिस्टो हा उपग्रह निवडला होता. ज्या कार्यालयाकडे आराखडा मंजुरीसाठी गेला, तेथे कारणे दिलेली पाने कोणी उलटून पाहिली असतील असे मला वाटत नाही. पहिल्या पानावर तांबड्या शाईने रेघ ओढून समासात ‘युरोपा का नाही?’ एवढेच लिहिले होते. आम्ही लेखी खुलासा दिला, तो टेबलावरून टेबलावर फिरत राहिला. भेटायला गेलो की संबंधित अधिकारी दौऱ्यावर असत. अखेर मुदत टळू नये म्हणून मुलांना मन मारून युरोपाचे मॉडेल करावे लागले. त्यांची सबंध पावसाळ्यातली मेहनत अशी वाया गेली याची हळहळ मला अजून वाटते, कारण मुलांचे म्हणणे बरोबर होते.

अंतरे, तापमाने, प्रवासाला लागणारी वर्षे हे सारे आपल्याला ठाऊक आहे असे धरून थेट मुद्द्याकडे येतो. मी खगोलशास्त्रज्ञ नाही, वैद्यकातला तर नाहीच. वाचनाच्या आणि शिकवण्याच्या आधारावर लिहितो आहे, तेव्हा आकडे मुलींनी स्वतः पडताळून घ्यावेत.

गुरूपासून पुढे पाणी दुर्मीळ नाही. गुरूचे युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो आणि शनीचे एन्सेलॅडस, टायटन या सर्वांवर बर्फाचे साठे अफाट आहेत; जे सगळीकडेच आहे ते निवडीचा निकष कसे होईल? निवड ठरते ती किरणोत्सर्गावरून. गुरूच्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या विद्युतभारित कणांचा मारा युरोपाच्या पृष्ठभागावर इतका असतो की उघड्यावरच्या माणसाला दिवसाला सुमारे ५.४ सीव्हर्ट (शरीरावर होणाऱ्या किरणोत्सर्गाच्या परिणामाचे एकक) मात्रा मिळेल, आणि थोड्या वेळात शरीरात गेलेली चार-पाच सीव्हर्ट मात्रा उपचारांविना निम्म्या माणसांचा जीव घेते. गॅनिमीडवर हाच आकडा दिवसाला सुमारे ०.०८ वर येतो, आणि गुरूपासून जवळजवळ १९ लाख किलोमीटरवर, किरणोत्सर्गाच्या मुख्य पट्ट्यांबाहेर फिरणाऱ्या कॅलिस्टोवर तो ०.०००१ इतका खाली उतरतो. वैश्विक किरण, म्हणजे दूरच्या अंतराळातून येणारे वेगवान कण, तेथेही आहेतच, पण त्यांच्यापासून काही मीटर बर्फाखाली राहून बचाव करता येतो. युरोपाची पाहणी करण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर हे यानसुद्धा युरोपाभोवती घिरट्या घालणार नाही. ते गुरूभोवती लांबट कक्षेत फिरत ४९ वेळा युरोपाजवळून जाईल आणि दर वेळी त्या माऱ्यातून बाहेर पडेल. त्यातील इलेक्ट्रॉनिक्स जाड भिंतींच्या धातूच्या पेटीत ठेवले आहे. यंत्राला जेथे एवढे जपावे लागते, तेथे माणसाची वस्ती कागदावर मांडायला लावणे मला मुळीच पटत नाही. माणसांना बाह्य सौरमालेत पाठवण्याचा विचार नासाच्या एका अभ्यासात २००३ मध्ये झाला, तेव्हा त्यांनीही कॅलिस्टोच निवडला होता. आमच्या खुलाशात हे नमूद होते.

दुसरा निकष हवेच्या दाबाचा, आणि येथे टायटन सर्वांच्या पुढे आहे. तेथील वातावरण मुख्यतः नायट्रोजनचे असून पृष्ठभागावरचा दाब पृथ्वीच्या सुमारे दीडपट आहे. त्यामुळे दाबाचा पोशाख लागणार नाही, ऊब आणि श्वासासाठी ऑक्सिजन पुरेल, आणि घराला बारीक भोक पडले तरी आतली हवा निर्वातात निसटून क्षणात सर्व संपणार नाही. दाट हवेमुळे वैश्विक किरणही बरेच अडतात. मात्र ‘टायटनवर मिथेनची सरोवरे आहेत, म्हणजे इंधनाची ददात नाही’ हे वाक्य मुलींच्या वहीत असेल तर ते काढायला लावावे. मिथेन जळायला ऑक्सिजन हवा आणि तो टायटनच्या हवेत नाही; बर्फ वितळवून, पाण्याचे विघटन करून तो मिळवावा लागेल, आणि त्यासाठी खर्ची पडणारी ऊर्जा ते मिथेन जाळून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्तच असेल. शनीपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का, त्यातून टायटनचे धुरकट आवरण. अणुऊर्जेवाचून तेथे गत्यंतर नाही.

टायटनवरच्या घराच्या पायाचाही विचार करायला हवा. १४ जानेवारी २००५ रोजी तेथे उतरलेल्या ह्युजेन्स यानाच्या छायाचित्रात पुढ्यात जे गोलसर गोटे दिसतात, ते दगडाचे नसून बर्फाचे मानले जातात. उणे १७९ अंश सेल्सिअसला बर्फ खडकासारखा कठीण असतो. परंतु वीस अंशांपर्यंत तापवलेले घर त्यावर टेकले तर पायाच मऊ पडणार. बर्फावर बांधकाम टिकवणे किती अवघड, याचा दाखला आपल्याकडे हाताशी आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली होती. पुढे हिमस्तरावर उभारलेले दक्षिण गंगोत्री हे केंद्र बर्फाखाली गाडले गेले आणि ते सोडून द्यावे लागले. म्हणून १९८९ मध्ये मैत्री केंद्र खडकाळ जमिनीवर उभे राहिले. या मोहिमांचे काम पाहणारे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र वास्कोला आहे. मुलींनी तेथील एखाद्या शास्त्रज्ञाला प्रश्न लिहून पाठवावेत, असे मी आग्रहाने सुचवीन.

त्याच अनुभवातून माझे ठाम मत बनले आहे की तळ आणि वस्ती या दोन गोष्टी प्रकल्पात वेगळ्या मांडाव्यात. अंटार्क्टिकात माणसे कित्येक दशके राहत आली आहेत, पण रसद आणणाऱ्या जहाजावर आणि विमानावर विसंबून आणि पाळीपाळीने. कॅलिस्टोवर असा तळ पुढेमागे होऊ शकेल असे मला वाटते. वस्ती म्हणजे तेथे मुले जन्मणार आणि वाढणार. टायटनचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सातव्या हिश्शाइतके आहे, कॅलिस्टोचे त्याहून किंचित कमी. कमी गुरुत्वाकर्षणाच्या पृष्ठभागावर माणसाचा सर्वांत दीर्घ मुक्काम डिसेंबर १९७२ मधला, अपोलो १७ या चांद्रमोहिमेचा, आणि तोही जेमतेम तीन दिवसांचा. एवढ्या तुटपुंज्या अनुभवावर बालकाची हाडे तेथे कशी वाढतील हे कोणी सांगू लागले तर विश्वास ठेवू नये. आधी चंद्रावर पिढी-दोन पिढ्या राहून पाहावे लागेल.

आराखडा पुन्हा पाठवताना किरणोत्सर्गाचा तक्ता पहिल्याच पानावर ठेवावा. पुढची पाने वाचली जातील या भरवशावर राहू नये. आणि कृपा करून शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नये. आम्हाला ‘येथे पोच देण्याची पद्धत नाही’ असे सांगण्यात आले होते, आणि नंतर त्याच खिडकीवरून खुलासा मिळालाच नसल्याचे उत्तर आले.