आधी आई दाखवा

प्रिय बाय,

तुझे तीन फोटो पाहिले. तिन्ही पिल्लं लॅब्राडोर, तिन्ही गुटगुटीत, एकाच्या गळ्यात तर लाल रिबन. खाली तुझा प्रश्न : "काका, यातलं कुठलं घेऊ? माझं डोकं चालेनासं झालंय." चालणार कसं? त्या फोटोंत बघण्यासारखं काही नाहीच. एकाही फोटोत आई नाही.

पिल्लू बघू नकोस, आई बघ. पुढचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल, पण एवढं कर. सहा आठवड्यांचं लॅबचं पिल्लू गोंडसच दिसतं, ते कुणाचंही असो. दोन वर्षांनी त्याचे खुबे कसे असतील, उतारवयात डोळे टिकतील का, दारात अनोळखी माणूस आला की ते शेपटी हलवेल की कोपऱ्यात दडेल, यातलं काहीही त्या तोंडावरून कळत नाही. आईकडे बघून बरंच कळतं.

गावठी पिल्लू का घेत नाहीस, हे मी विचारणार नाही. दोन तुझ्या दारात आहेतच. लॅब हवा तर लॅब, पण मग नीट घे.

पहिलं पिल्लू बेळगावहून यायचं आहे. चोर्ल्याच्या घाटातून बसने, खोक्यात घालून, डिचोलीच्या स्टँडवर उतरवून घ्यायचं. वय अडतीस दिवस. "डबल बोन, पंच फेस, केसीआय पेपरसकट." म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाकडच्या वंशावळीच्या नोंदीसकट. बेळगावात चांगले ब्रीडर नाहीत असं नाही, माझ्या ओळखीचे आहेत. पण चांगला ब्रीडर अडतिसाव्या दिवशी पिल्लू आईपासून तोडत नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवडे पुरे व्हायच्या आत पिल्लू विकताच येत नाही, आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नियम सोड, कारण समजून घे. या आठवड्यांत पिल्लू भावंडांशी मस्ती करता करता शिकतं की किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ मोडतो. आईही दटावते. हे शिकायचं राहून गेलं की ते तुझ्या भाच्याच्या हातावर शिकणार. शिवाय आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती याच सुमाराला ओसरत असते आणि लसीची अजून पुरती आलेली नसते. नेमका तिथे पार्व्हो, हा आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग, शिरतो. बसने आलेलं पिल्लू चार दिवस घरभर नाचतं, पाचव्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब. विकणारा म्हणतो, "माझ्याकडून निघालं तेव्हा ठणठणीत होतं." खोटं बोलत नसतो तो. या रोगाची लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस लागतात.

आणि "डबल बोन" म्हणजे काय हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगू शकलेलं नाही. जातीच्या कुठल्याही स्टँडर्डमध्ये ते नाही.

तू त्याला विचारलंस, आईला बघायला येऊ का? तो म्हणाला, "मॅडम, आई फार्मवर असते." संपला विषय! टोकनचे पैसे बुडाले तर बुडू देत.

दुसरा फोटो 'सिल्व्हर लॅब'चा, किंमत दुप्पट. लॅबचे मान्य रंग तीन : काळा, पिवळा, चॉकलेट. रंग फिका पाडणाऱ्या जनुकामुळे ही चांदी दिसते, आणि अशा कुत्र्यांचे पुढे केस गळण्याची शक्यता असते. पैसे जास्त द्यायचे आणि वर कातडीचा दवाखाना, तोही गोव्याच्या पावसाळ्यात. पुढे चल.

पेपरबद्दल तू फार घोळ घालते आहेस. केनेल क्लब ऑफ इंडिया 1896 पासूनची संस्था. माझ्या घरात जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाची नोंदणी मी केली, पेपरला कमी लेखणारा मी नव्हे. पण तो कागद आजोबा कोण ते सांगतो, आजोबांचे खुबे कसे होते ते सांगत नाही. त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. आईकडची आणि बापाकडची नावं समोरासमोर ठेवून वाच. एकच चॅम्पियन दोन्हीकडे दिसतो का? बापाला मुलीवर लावलं तर होणाऱ्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे आईबापांकडून एकाच पूर्वजाचं तेच जनुक येण्याची शक्यता, 25 टक्के, सावत्र भावंडांना एकत्र आणलं तर 12.5 टक्के. याला आमच्यात 'लाइन ब्रीडिंग' म्हणतात. ऐकायला भारदस्त वाटतं.

आता तिसरा फोटो, वास्कोच्या बाईंचं घरचं लिटर, म्हणजे एका वेतातली पिल्लं. पेपर नाहीत म्हणून तू ते शेवटी ठेवलंस. मी ते पहिलं ठेवलं असतं, कारण तिथे आई घरात आहे.

गेटातून आत गेलीस की पिल्लांकडे वळू नकोस. जड जाईल, पण नको. आईला झोपेतून उठताना बघ. सरळ उठते की पुढच्या पायांवर भार टाकून मागचा भाग ओढते? तिला अंगणात पळव. मागचे पाय आळीपाळीने पडतात की दोन्ही जोडीने, उड्या मारल्यासारखे? टाइलवर घसरते का? ती हाडकलेली दिसेल, केसही झडलेले असतील, त्याला घाबरू नकोस. पिल्लं पाजणारी कुत्री अशीच दिसते. उलट पोट सपाट, सडं सुकलेली आणि केस चकाचक असतील तर दुसरंच कुत्रं आई म्हणून पुढे केलेलं नाही ना, ते बघ. पिल्लं तिच्याकडे दूध प्यायला झेपावतात का? ती त्यांना गुरकावून ढकलेलही, दात लागतात बिचारीला, पण ओळख लपत नाही. तू आल्यावर ती दोन-चारदा भुंकली तर ते तिचं कामच आहे. पाच मिनिटांनी हुंगायला येते की पलंगाखालून बाहेरच निघत नाही? न निघणारीचं पिल्लू घेऊ नकोस, कितीही आवडलं तरी. बाप तिथे नसेल तर चालेल. शहाणी माणसं बाहेरचा स्टड, म्हणजे पैदाशीचा नर, आणतात. आई नसेल तर नाही चालणार.

मग विचार : वय किती? हे कितवं बाळंतपण? आधीचं कधी? त्याच नियमांत लिहिलंय की मादी किमान दीड वर्षाची हवी, आठच्या पुढे वापरायची नाही, लागोपाठच्या दोन हीटमध्ये, म्हणजे माजांत, लावायची नाही आणि जन्मात पाचाहून जास्त बाळंतपणं नाहीत. दीड वर्षही मला मान्य नाही. खुब्यांची पक्की प्रतवारी अमेरिकेतली ओएफए ही संस्थासुद्धा दोन वर्षांआधी देत नाही. एक्स-रे बघायच्या आधी मादी लावायची घाई कशाला?

इथे मला माझ्याकडच्या एका पिवळ्या मादीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. शोमध्ये नाव काढलेली, स्वभावाने तर अशी की शेजाऱ्यांचं रांगतं पोर तिच्या पाठीला टेकून उभं राहायला शिकलं. दोन वर्षं पुरी झाली तेव्हा एक्स-रे काढला. भूल देऊन उताणी झोपवलेली, मागचे पाय सरळ ओढून गुडघे आत वळवलेले. फिल्म दिव्यावर धरली. उजवीकडे मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत अर्ध्याहून जास्त आत, कडा गोल. डावीकडे खोबण उथळ, गोळा बाहेर सरकलेला आणि मध्ये काळी फट. तिच्या पिल्लांसाठी लोक रांग लावून होते. मी तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून टाकलं. माझा एक जुना मित्र त्यानंतर माझ्याकडे चहाला आला नाही. "एवढी छान पळते, एक लिटर घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं?" आणि खरं सांगतो, ती म्हातारी होईपर्यंत लंगडली नाही. तो हे अजून गावभर सांगतो. सांगू दे. एक्स-रेमध्ये वाईट दिसणारी प्रत्येक कुत्री लंगडत नाही, हे मलाही ठाऊक आहे. दोष एका जनुकाचा नसतो, खाणं आणि वजन यांचाही त्यात हात असतो. पण तिला आठ पिल्लं झाली असती तर त्यांतल्या कुणाचं काय झालं असतं हे त्यानेही सांगू नये आणि मीही. फिल्म मी पाहिली होती, त्याने नाही. त्या स्वभावाचं दुसरं कुत्रं मला पुन्हा मिळालं नाही, याची हळहळ आजही आहे. पण तो एक्स-रे आज समोर आला तरी मी तेच करीन. खडूस म्हणतात मला डिचोलीत, म्हणोत.

हे सगळं लिहायला बसलो ते तुझ्या शेवटच्या ओळीमुळे. "मादीच घेते, पुढे एक लिटर घेतलं की पैसे वसूल." बाय, तू सुद्धा? हणजूण-शिवोलीकडे सीझन संपला की घर सोडणारे लोक लॅब आणि हस्की मागे टाकून जातात. ती कुत्री कुणाच्या तरी 'एका लिटर'मधलीच असतात. लिटर घ्यायचंच असेल तर आई तू ठरवशील आणि ती कशी आहे याचा जाब तुला द्यावा लागेल. खुबे आणि कोपर यांचे एक्स-रे. पीआरएसाठी, म्हणजे हळूहळू आंधळं करणाऱ्या रोगासाठी, जनुक चाचणी, आणि जोरात पळाल्यावर मागचे पाय लुळे पडतात त्या ईआयसीसाठीही. दोन्ही चाचण्या गालाच्या आतून स्वॅब घेऊन होतात. मादी वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण सदोष जनुकाची एक प्रत बाळगणारी, निघाली तर आभाळ कोसळत नाही, निर्दोष नराशी जोडायची. वाहक नराशी जोडलीस तर प्रत्येक पिल्लू रोगी होण्याची शक्यता चारात एक. मग 63 दिवसांची गाभण, मध्यरात्री अडलेलं पिल्लू, सिझेरियनसाठी दार उघडेल असा डॉक्टर शोधणं, आणि न खपलेली तीन पिल्लं चौथ्या महिन्यात घरात. वसुलीचा हिशेब मांडायचा तर एवढं सगळं धरून मांड.

वास्कोच्या बाईंना आज फोन कर. आईचा एक्स-रे काढलाय का, विचार. नाही म्हणतील, आपल्याकडे बहुतेक जण नाहीच म्हणतात. त्यांच्यावर खेकसू नकोस, तो माझा प्रांत. पिल्लांचं दूध सुटलं की काढू द्याल का, अर्धा खर्च मी देते, असं विचार. शनिवारी सकाळी मी मोकळा आहे, म्हापशाहून तू गाडी घेऊन आलीस तर बरोबर येतो. पिल्लांच्या खोलीत मात्र मला आधी जाऊ दे, तुझा काही भरवसा नाही.

तुझा,
काका