शिवणघर : हेल्मेट आधी, झगा नंतर

प्रश्न : ताई नमस्कार. मी पुण्यात असतो, वय २६, उंची ५ फूट ७ इंच. यंदा कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, ‘स्टार वॉर्स’ सिनेमांतला काळ्या पोशाखातला खलनायक डार्थ व्हेडर व्हायचं ठरवलंय. हेल्मेट तयार घेतलं, आणि झगा आमच्याकडच्या एका टेलरकडून काळ्या सॅटिनचा शिवून घेतला. घरी सगळं चढवून बघितलं तर झगा पाठीमागे ओढला जातो आणि गळा आवळतो, पुढून तो घोट्याच्या बराच वर राहतो, आणि फोटोत मी खलनायक कमी आणि शाळेच्या गॅदरिंगमधला जादूगार जास्त दिसतोय. हेल्मेट पण डोक्यावर डुगडुगतं. आता काय करू? पुन्हा पैसे घालवायचे नाहीत.

उत्तर : ताई म्हणालास म्हणून अरे-तुरेच करते. टेलरला फार बोलू नकोस, त्याने तुझं माप टी-शर्टवर घेतलं असणार आणि तू त्याला घेऊ दिलंस. हा पोशाख आतून बाहेर शिवायचा असतो. आधी बूट, मग आतला सूट, मग खांद्याचं चिलखत, हेल्मेट, आणि हे सगळं अंगावर चढवून आरशासमोर उभं राहिल्यावर झग्यासाठी टेप बाहेर काढायची. फोमच्या खांद्याने वर एक-दीड इंच आणि बाजूला दोन-तीन इंच जातात, ते सगळं झग्याच्या लांबीतून वजा होतं, म्हणून तो तुझ्या घोट्यावर चढला.

जादूगार का दिसतोस? सॅटिनमुळे. या पोशाखाची गंमत अशी की सगळं काळं आहे पण एकही काळा दुसऱ्यासारखा नाही, हेल्मेट चकचकीत, आतला लेदरचा सूट गोधडीसारखा पट्टेपट्टे उठवलेला, आणि झगा जड, मंद, उजेड गिळणारा. सॅटिन चकाकलं की हेल्मेटची चकाकी फुकट जाते. मुळात या पोशाखाचे डिझायनर जॉन मोलो यांनी सुरुवातीला वेशभूषा भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या वेगवेगळ्या विभागांतून मोटरसायकलचा सूट, साधूंचा झगा, गॅस मास्क, जर्मन शिरस्त्राण असे तुकडे जमवून तो उभा केला होता. त्याआधी चित्रकार राल्फ मॅकक्वारी यांनी कागदावर श्वासाचा मुखवटा काढला होता, कारण पटकथेत या माणसाला एका यानातून दुसऱ्या यानात मोकळ्या अवकाशातून जायचं होतं. मोलो यांना या कामासाठी ऑस्कर मिळालं. तेव्हा जमवाजमव ही काही कमीपणाची गोष्ट नाही, फक्त पोत वेगवेगळे ठेव.

आता कापड. सॅटिनचा झगा उसवू नकोस, तो अस्तर म्हणून वापर, नाहीतर भाच्याला दे. बाहेरच्यासाठी काळं सुटिंग घे, पॉलिस्टर-व्हिस्कोसवालं चालेल, लोकरीचं घेतलंस तर पुण्यात तू उकडून निघशील. दुकानात कापड उजेडात उलटसुलट धरून बघ, अजिबात चमकत नसेल तेच घे. तुझ्या उंचीला खांद्यापासून जमिनीच्या दोन इंच वरपर्यंत साधारण ५६ इंच धर (चिलखत चढवून स्वतः मोज, माझ्यावर विसंबू नकोस), ५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) साडेतीन मीटर कापड पुरतं. चार कळ्या काप, वर साडेपाच इंच, खाली ४५ इंच, कळीचा मधला उभा ताणा (कापडाच्या लांबीचा धागा) सरळ ठेवून. एक कळी सुलटी आणि शेजारची उलटी मांडली की दोन कळ्या एका पन्ह्यात बसतात, कापड वाया जात नाही. पण मखमल किंवा लव असलेलं काही घेतलंस तर कळ्या उलट्या मांडायच्या नाहीत, नाहीतर चार कळ्यांत दोन छटा दिसतील आणि मग म्हणशील ताईंनी सांगितलं नव्हतं. गळा वर २२ इंचाचा येईल, तुझ्या मानेपेक्षा मोठा, तो मुद्दामच, कारण हा झगा मानेवर नाही, खांद्याच्या चिलखतावर टांगायचा आहे.

गळा आवळण्याचा उपाय तिथेच आहे. चिलखताच्या आतून, खांद्याच्या दोन्ही बाजूंना जाड टेपचे दोन-दोन तुकडे शिवून घे आणि त्यांना प्रेस बटणं लाव, झग्याच्या गळ्याला आतून बकरमची (कडक कापडाची) पट्टी देऊन त्यावर बटणांचा दुसरा भाग. वजन खांद्यांवर गेलं की गळा मोकळा. पुढची साखळी नुसती शोभेला राहू दे, तिच्यावर झगा लोंबकळायला लागला की ती मानेत रुतते. चिलखत स्वतःच मागे सरकत असेल तर काखेखालून इलॅस्टिकचे दोन पट्टे पाठीवर एकमेकांना छेदून घाल, दप्तराच्या पट्ट्यांसारखे.

खालची दुमड लगेच घालू नकोस. कळ्या जोडून झगा एक रात्र, जमलं तर दोन दिवस, हँगरवर टांगून ठेव, तिरप्या कडा खाली ओघळतात आणि घेर असमान होतो. मग बूट घालून कोणाला तरी जमिनीपासून माप घेऊन खडूने खूण करायला सांग. स्वतः वाकून खूण केलीस तर झगा वर जातो आणि माप चुकतं, हे मी बावीस वर्षांत किती जणांना सांगितलं असेल. दुमडीत पडद्यांत घालतात ती वजनाची पट्टी घाल, चालताना झगा अंगाला चिकटणार नाही, मागे सुंदर हलेल.

आता एक गोष्ट ठरव, कोणत्या सिनेमातला व्हेडर. बाहेरच्या झग्याच्या आत आणखी एक बिनबाह्यांचा झगा असतो, १९७७ च्या पहिल्या सिनेमात हा आतला झगा खांद्याच्या चिलखताच्या वरून येतो, आणि १९८० च्या दुसऱ्या सिनेमापासून तो चिलखताखाली गेला. शिवणाऱ्याला यानेच खूप फरक पडतो, वरून घालायचा तर मुंढा (हात घालायची जागा) मोठा आणि खांदा रुंद, खालून घालायचा तर नेहमीच्या मापाचा. अर्धं एक आणि अर्धं दुसरं घातलंस तर जाणकार लगेच ओळखतील, १९९७ पासून चालू असलेली ५०१ वी लीजन नावाची चाहत्यांची संघटना आहे, ते सभासद करून घेताना प्रत्येक तुकडा बारकाईने तपासतात. तुला सभासद व्हायचं नसेल तर इतका जीव काढू नकोस, पण खालून घालणं तुला सोपं जाईल, आहेत ती मापं चालतील.

हेल्मेट डुगडुगतं कारण आत काही धरायला नाही. हार्डवेअरच्या दुकानात कामगारांच्या सेफ्टी हेल्मेटमधली आतली पट्ट्यांची जाळी मिळते, मागे डोक्याच्या मापाने आवळता येते ती, ती फोमचे तुकडे लावून आत बसव. कपाळ, मागचा भाग आणि टाळू इथे टेकलं पाहिजे, हनुवटी मोकळी राहिली पाहिजे. मूळ पोशाखात डोक्यावरचा घुमट आणि चेहऱ्याचा मुखवटा वेगवेगळे असतात, तुझं एकाच तुकड्याचं असेल तर खाली मान दिसेल, त्यावर उपाय आपली माकडटोपी. पातळ काळी होजियरीची. चेष्टा नाही करत, घाम टिपते आणि मानही झाकते.

हेल्मेटच्या डोळ्यांची काच धुरकट झाली तर ती श्वासामुळे. तोंडाच्या जाळीला मागून काळं नेट लाव, पुठ्ठा नाही, आणि नाकावर कापडाची एक छोटी झालर लावून श्वास खाली जाळीकडे वळव. काचेला आतून भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटाने पसरून कोरड्या फडक्याने पुसून घे. पॉवर बँकवर चालणारा लहान पंखा मागच्या बाजूला बाहेर हवा फेकेल असा बसव, पण अगोदर घरी अर्धा तास घालून बघ. आणि सोबत एक मित्र हवाच, तुला तुझे पाय दिसणार नाहीत, जिने त्यानेच उतरवायचे.

उंचीचं म्हणशील तर पडद्यावर व्हेडरच्या पोशाखात असलेले डेव्हिड प्राउझ साडेसहा फुटांचे होते. तू नाहीस. बुटात दीड इंचाची टाच घाल आणि झग्याचा घेर कमी करू नकोस, खांदे मात्र हेल्मेटच्या प्रमाणात रुंद कर, नाहीतर घागर डोक्यावर ठेवल्यासारखं दिसतं.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाला फॅन्सी ड्रेसला डार्थ व्हेडर व्हायचंय, फक्त आठ दिवस आहेत आणि मला मशीन चालवता येत नाही. – एक आई, ठाणे

उत्तर : मशीन नको. काळं सुती कापड अर्धवर्तुळात काप, कडा पिकोवाल्याकडून करून आण. गळ्याला नाडी अजिबात बांधायची नाही, वेल्क्रो लावा, कोणी मागून ओढलं तर सुटला पाहिजे. लांबी पोटरीपर्यंतच ठेवा, स्टेजच्या पायऱ्या चढताना पायात येतो. हेल्मेट पुठ्ठ्याचं, डोळ्यांची भोकं तुम्हाला वाटतात त्याच्या दुप्पट. संवाद पाठ होत नसतील तर होऊ देऊ नका, मूळ सिनेमातही पोशाखात एक माणूस आणि आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा! मोबाइलवर नुसता श्वासाचा आवाज लावा, सिनेमाचे ध्वनी-संयोजक बेन बर्ट यांनी तो स्कूबाच्या रेग्युलेटरमधून (पाणबुडे श्वास घ्यायला वापरतात त्या नळीच्या तोंडातून) श्वास घेऊन रेकॉर्ड केला होता. तुम्ही पाणी पिण्याच्या बाटलीत तोंड घालून केलात तरी मुलं ओळखतात, आमच्या शेजारच्याने करून दाखवलंय.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत. हॅलोविनला नवऱ्याला व्हेडर व्हायचंय पण ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी थंडी असते, जॅकेट कुठे घालू? – एक वाचक, एडिसन

उत्तर : आत. म्हणून मापं जॅकेट घालूनच घ्या आणि आतल्या झग्याला छातीला चार इंच सैल ठेवा. वर जॅकेट घातलंत तर काय अर्थ राहिला. शिवाय रात्री रस्त्यावर सगळा काळा माणूस गाडीवाल्याला दिसत नाही, दुमडीच्या आतून रिफ्लेक्टिव्ह टेप लावून घ्या, मुलांबरोबर चालताना झग्याची कड थोडी उलटायची, फोटोसाठी परत सरळ करायची.

प्रश्न : काळ्या झग्यावर इस्त्रीचे चमकदार डाग पडलेत. जातील का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कापड जळून वितळलं नसेल तर बरेच जातात. ओलं सुती फडकं डागावर ठेवून वाफ द्या आणि गरम असतानाच कपड्याच्या ब्रशने लव उभी करा. पुढच्या वेळी उलट्या बाजूने, आणि मध्ये फडकं ठेवूनच. आणि गडबडीत इस्त्री करायला बसू नका.