सूनी तारापोरवाला मूळच्या छायाचित्रकार की पटकथाकार? आणि त्यांच्या कामात मुंबई एवढी का दिसते?

दोन्ही. आणि माझ्या मते त्यांची पटकथा कॅमेऱ्यातूनच आली.

जन्म मुंबईचा, १९५७ सालचा, पारशी घरातला. हार्वर्डला शिकायला गेल्या, तिथे पुढे दिग्दर्शिका झालेल्या मीरा नायर भेटल्या. पुढे दोघींनी मिळून 'सलाम बॉम्बे!' केला (१९८८). रस्त्यावरच्या खऱ्याखुऱ्या मुलांना कार्यशाळेत तयार करून त्यांच्याकडून कामं करून घेतली. कान महोत्सवात त्याला 'कॅमेरा द'ऑर', म्हणजे पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार, मिळाला. नंतर 'मिसिसिपी मसाला', 'द नेमसेक' हेही याच जोडीचे.

पण मला जास्त जवळचे वाटतात ते त्यांचे कृष्णधवल फोटो. सुट्टीत घरी आल्यावर त्यांनी आपल्याच माणसांचे फोटो काढायला सुरुवात केली. आजी-आजोबा, शेजारपाजार, नवजोत (मुलांना पारशी धर्मात घेण्याचा विधी), लग्नं. छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी ते पाहून पुस्तक करायला सुचवलं. पारशी समाजावरचं ते पुस्तक २००० साली निघालं, तेही त्यांनी स्वतःच काढलं! इतकी वर्षं धीराने एकच विषय धरून ठेवणं घरच्याच माणसाला जमतं. पाहुण्या छायाचित्रकाराला त्या बैठकीच्या खोलीत कोण एवढं मोकळेपणाने बसू देणार?

फोटो कुठे पाहायला मिळाले तर जरूर पाहा.